वाचकाला आज नवे काय कळणार?

प्रिय,

तुझे पत्र आणि सोबतचे प्रसिद्धिपत्रक दोन्ही वाचले. एकाही वृत्तपत्राने ते छापले नाही, यावरून ‘संपादकांशी ओळख असल्याशिवाय काही होत नाही’ असा निष्कर्ष तू काढला आहेस. तो मला मान्य नाही, आणि तुझ्यासारख्या विचारी व्यक्तीने तो इतक्या लवकर काढावा याचा थोडा रागही आला.

पत्रकाचे पहिलेच वाक्य पाहा : ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, माननीय अध्यक्षांच्या कुशल मार्गदर्शनाखाली आमच्या संस्थेच्या शिरपेचात आणखी एक मानाचा तुरा खोवला गेला आहे.’ येत्या सोमवारपासून संस्थेचे ग्रंथालय सभासद नसलेल्यांनाही रात्री दहापर्यंत खुले राहणार आणि त्यासाठी अनामत रक्कम लागणार नाही, ही खरी बातमी चौथ्या परिच्छेदात आहे, तीही व्यासपीठावर कोण कोण होते हे सांगून झाल्यावर. पान लावायच्या घाईत असलेला उपसंपादक तिथपर्यंत पोहोचतच नाही. आपल्या वाचकाला आज नवे काय कळणार, याचे उत्तर पहिल्या दोन वाक्यांत मिळाले नाही, की तो ढिगातले पुढचे पत्रक उचलतो. त्यात आकस नसतो. शिवाय जागा कमी पडली की मजकूर खालून कापला जातो, म्हणजे तुझे पत्रक त्याने घेतले असते तरी बातमीच कापली गेली असती आणि तुरा तेवढा उरला असता.

वाचकाला आज नवे काय कळणार? हा प्रश्न मी तुला याआधीही ऐकवला आहे आणि कंटाळा येईपर्यंत ऐकवणार आहे. 1906 साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळली, तेव्हा पेनसिल्व्हेनिया रेल्वेसाठी काम करणाऱ्या आयव्ही ली यांनी अपघाताची माहिती कंपनीच्या वतीने स्वतःहून वृत्तपत्रांना दिली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते निवेदन जसेच्या तसे छापले, आणि पहिले प्रसिद्धिपत्रक म्हणून आजही बहुधा त्याचाच दाखला दिला जातो. लोकांना त्या दिवशी जे जाणून घ्यायचे होते, ते त्यात होते.

अध्यक्षांचे नाव पहिल्या ओळीत नसेल तर ते नाराज होतील, असे तू लिहिले आहेस. होऊ देत. विशेषणे खोडल्याबद्दल मलाही वरिष्ठांनी हेकेखोर म्हटले, एक चांगली बढती त्यापायी हुकली, आणि तिची खंत अजून वाटते, हे कशाला लपवू? पण मी लिहिलेली पत्रके एका शब्दाचाही बदल न होता छापून येत होती, आणि ती का येतात हे विचारायला त्यांच्यापैकी कोणी कधी आले नाही. असो, तो हिशेब माझा आहे.

तुला मार्ग हवा असेल तर तो आहे. अध्यक्षांना तिसऱ्या परिच्छेदात अवतरणात बोलू दे, मात्र त्यांनाच सांगता येईल असे काहीतरी त्यांच्याकडून मिळव : अनामत रक्कम का काढून टाकली, विरोध झाला का, पुस्तके परत आली नाहीत तर काय करणार? ‘आनंद वाटतो’ हे कोणीही म्हणेल आणि कोणीही कापेल.

बाकी गोष्टी किरकोळ आहेत, पण त्यांवाचून अडते. मजकूर ईमेलमध्येच युनिकोडमध्ये दे. सही-शिक्क्याच्या कागदाचे छायाचित्र पाठवलेस तर तो पुन्हा टाइप कोण करणार? फोटोतील व्यक्तींची पूर्ण नावे डावीकडून उजवीकडे लिही. संध्याकाळी उचलला जाईल असा फोन नंबर दे, पण ‘छापणार का?’ हे विचारायला आपण होऊन फोन करू नकोस.

सोमवार अजून दूर आहे, त्यामुळे वेळ गेलेली नाही. ग्रंथालयाची वेळ पहिल्या वाक्यात घेऊन नवा मसुदा उद्या सकाळी मला पाठव, आणि माझे पाहून होईपर्यंत तो अध्यक्षांना दाखवू नकोस.