सासऱ्यांना पुन्हा कलावर्गाला नेऊ का?

प्रश्न : माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. उभा जन्म चादरीच्या कारखान्यात, नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर गेला. आता अल्झायमर आहे. पूर्वी मराठी उत्तम बोलायचे, हल्ली तेलुगूच जास्त. ज्येष्ठांच्या एका कलावर्गाला नेलं, तर पुढ्यात सशाचं रंगवायचं पुस्तक ठेवलं. त्यांनी ते ढकललं आणि घरी जायचा हट्ट धरला. पुन्हा नेऊ का? याने स्मरणशक्ती परत येते का?
— एक सून, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, दुसरा प्रश्न आधी घेते. चित्रं काढून अल्झायमर बरा होत नाही. तसं आश्वासन देऊन कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. तरीही मी न्या म्हणते, कारण वर्गात काय केलं ते माणूस विसरतो, पण तिथे लागलेली गोडी मनात रेंगाळते. त्या दिवशी घरात चिडचिड कमी असते, असं आमच्या अशाच कलावर्गाला येणाऱ्या लेकीसुना सांगतात.

जन्मभर ज्यांच्या हाताखालून नक्षी उतरली, त्यांच्यासमोर बालवाडीचा ससा! त्यांनी तो ढकलला, मला तर त्यांचा अभिमान वाटला. या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा भाग, लवकर बिघडतो, म्हणून सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. हातात मुरलेलं काम मेंदूच्या दुसऱ्या भागांवर चालतं, ते पुष्कळ काळ टिकतं. विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या आमच्या एका आजींना नातवाचं नाव सुचत नाही, पण कागदाची पट्टी हातात आली की बोटं सुरळी वळू लागतात. त्या सुरळ्या चिकटवूनच आम्ही भिंतीवरचं मोठं फूल केलं.

तुमच्या सासऱ्यांना चौकटीचा कागद द्या. जेकार्डची नक्षी अशाच कागदावर घर मोजून उतरवतात. शेजारी रंगीत सुताच्या दोनच कांड्या ठेवा आणि कोणता रंग घ्यायचा ते त्यांना ठरवू द्या. खूप पर्याय समोर आले की गोंधळ होतो. टेबलावर गडद कापड अंथरा, म्हणजे पांढरा कागद उठून दिसेल. रंग बिनविषारी हवेत, कारण कधीकधी ते तोंडात जातात.

या आजारात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी मागे पडते. वर्ग मराठीत चालत असेल तर शेजारी तेलुगू बोलणारं कुणीतरी बसवा. सोलापुरात त्याची काय वाण! वर्ग घेणाऱ्या बाईंनाही सांगून ठेवा, 'ओळखा पाहू', 'आठवतंय का' असं विचारू नका. अमेरिकेतल्या नाट्यकलावंत ॲन बॅस्टिंग यांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांबरोबर गोष्टी रचण्याची एक पद्धत उभी केली. चित्र दाखवायचं आणि विचारायचं, 'इथं काय चाललं असेल?' जे उत्तर येईल ते गोष्टीत जातं, चुकीचं उत्तर नसतंच. या कामासाठी त्यांना २०१६ साली मॅकआर्थर फेलोशिप हा तिथला मोठा सन्मान मिळाला.

वर्ग सकाळचा निवडा. दिवस कलला की या मंडळींची घालमेल वाढते. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत उठले तर उठू द्या, बळजबरी नको. पुढच्या आठवड्यात न्याल तेव्हा चौकटीचा कागद घरूनच पिशवीत टाका, वर्गात असेलच असं नाही.