आयनाचं (विद्युतभार असलेल्या अणू-रेणूचं) स्वतःभोवती फिरणं ‘थंड’ झालं हे मोजतात कसं? थर्मामीटर लावतात कुठे?

थर्मामीटर आयन ज्या थंड भांड्यात ठेवतात त्याच्या भिंतीला लावतात, आयनाला नाही. खरं तर आयनांचं तापमान थेट कुणी मोजतच नाही. शंभरातले किती आयन कुठल्या रोटेशनल लेव्हलला (म्हणजे फिरण्याच्या ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीला) बसलेत ते मोजतात आणि त्या आकड्यांना बोल्ट्झमनचं सूत्र (कुठल्या तापमानाला कुठल्या पायरीवर किती हे सांगणारं) लावून केल्विन काढतात, बस.

तुम्ही असंही विचारलंय की आयन एवढ्या वेगाने पळतोय तर थंड कसा. स्टॉकहोमच्या ‘डिझायरी’ रिंगमध्ये (आयनांना गोल गोल फिरवत साठवून ठेवणारं अतिथंड यंत्र) हायड्रॉक्साइड आयन सेकंदाला तीनशेहून जास्त किलोमीटर पळतात, पण सगळे एकाच दिशेने, त्यामुळे ती उष्णता धरत नाहीत, गाडी सुसाट असली तरी आतला माणूस झोपलेला असू शकतो ना, तसंच. याच्या उलटही होतं. मॅग्नेशियम हायड्राइडचा आयन ट्रॅपमध्ये (आयनांना एका जागी धरून ठेवणाऱ्या सापळ्यात) लेसरने गार केलेल्या मॅग्नेशियम आयनांच्या मधे ठेवला की त्याची हालचाल मिलीकेल्विनपर्यंत खाली येते, पण फिरणं मात्र जसंच्या तसं, कारण शेजारी कितीतरी मायक्रॉन लांब असतात आणि त्यांच्या हालचालीतून बदलणारं विद्युत क्षेत्र फिरण्याच्या मानाने फारच संथ पडतं. २०१४ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हुसच्या गटाने त्यात अगदी विरळ हीलियम सोडला तेव्हा कुठे रोटेशन ७.५ केल्विनपर्यंत उतरलं.

आता मोजणी. हायड्रॉक्साइडचा जास्तीचा इलेक्ट्रॉन उपटायला साधारण १.८३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. आयन आधीच फिरत असेल, म्हणजे जे = १ ला असेल (जे हा फिरण्याच्या पायरीचा क्रमांक, ० म्हणजे सगळ्यात खालची), तर त्याच्याकडे थोडी ऊर्जा शिल्लक असते (तापमानाच्या भाषेत ५४ केल्विनएवढी), त्यामुळे किंचित कमी ऊर्जेच्या फोटॉननेही (प्रकाशाच्या कणानेही) काम होतं. मग लेसर मुद्दाम अशा ठिकाणी ट्यून करायचा की जे = ० वाल्याला तो पुरणार नाही पण फिरणाऱ्याला पुरेल. इलेक्ट्रॉन गेला की रेणू न्यूट्रल (विद्युतभार नसलेला) होतो, रिंगचं विद्युत क्षेत्र त्याला वळवू शकत नाही, तो सरळ जाऊन डिटेक्टरवर आपटतो आणि आपण टिक टिक मोजत बसायचं. जसजसा वेळ जातो तसतशी ही टिकटिक कमी होत जाते, तेच तुमचं कूलिंग.

घाई मात्र चालत नाही. रिंगमध्ये गॅस जवळपास नसतोच, आयन स्वतःच फोटॉन सोडून गार होतो, आणि शेवटची पायरी सगळ्यात रटाळ. डिझायरीवाल्यांनी जे = १ चं आयुष्य १४५ सेकंद मोजलं (अधिक-उणे २८), जे = २ त्याच्या साधारण दहापट लवकर उतरतो. नायट्रोजनच्या आयनाला तर डायपोलच नाही (म्हणजे त्याची दोन्ही टोकं सारखीच, विद्युतभार एका बाजूला झुकलेला नाही), त्यामुळे तो असा फोटॉन सोडून गार होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही, त्याला दुसरा उपाय लागतो.

डिझायरीवाल्यांच्या २०१७ च्या मापनात शेवटी ९४.९ टक्के आयन जे = ० ला सापडले. स्वतः करून बघा: जे = १ आणि जे = ० चं गुणोत्तर म्हणजे ३ गुणिले ई चा उणे ५४ भागिले टी घात (टी म्हणजे तापमान), त्यातून साधारण १३.४ केल्विन येतं, आणि भिंतीवरचे सिलिकॉन डायोड (तेच थर्मामीटर) दाखवत होते १३.५. मला या कामातलं सगळ्यात आवडणारं हेच, कारण त्याआधीच्या क्रायोजेनिक (अतिथंड) ट्रॅप आणि रिंगमध्ये फिरण्याचं तापमान भिंतीपेक्षा बरंच जास्त निघायचं. खोलीच्या तापमानाचे थोडे फोटॉन जरी खिडकीतून आत आले तरी आकडा वर सरकतो. शिवाय प्रत्येक लेव्हलचा इलेक्ट्रॉन सुटण्याची शक्यता वेगळी असते, ती आधी नीट माहीत हवी, नाहीतर टिकटिक बरोबर आणि टक्केवारी चुकीची.

पुढे त्यांनी तोच लेसर वापरून फिरणारे आयन वेचून काढले आणि जे = ० चा वाटा ९९.१ टक्क्यांवर नेला. सूत्रात घातलं तर नऊएक केल्विन निघतात, भिंत मात्र साडेतेरालाच. म्हणून अशा वेळी केल्विन सांगण्यापेक्षा टक्के सांगितलेले बरे, आणि लेसर बंद केला की काही मिनिटांत भिंतीचे फोटॉन त्यातल्या काहींना परत जे = १ ला चढवतातच.