आमच्या चाळीसगावच्या नॉकआऊट स्पर्धांत लहान संघ फक्त एन्ट्री फी भरायला येतात आणि शेवटी ठरलेलेच दोघं उरतात. फुटबॉलमध्ये चौथ्या विभागातला संघ राष्ट्रीय चषकाची फायनल खरंच खेळू शकतो, की या सगळ्या गप्पा? मंडळातल्या पोरांना सांगायला एखादा हंगाम सांगाल का?

खेळू शकतो, आणि खेळलाय. १९९९-२००० चा फ्रेंच चषक, संघ कॅले. (विभाग म्हणजे लीगची पायरी, पहिला विभाग सगळ्यात वरचा.)

चाळीसगावबद्दल तुम्ही लिहिलंय ते पटलं. आमच्या भुसावळात तरी वेगळं काय आहे? लॉट्स पाडताना आयोजकांच्या घरच्या संघालाच पहिल्या फेरीत बाय (न खेळताच पुढची फेरी) कसा मिळतो, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही. म्हणून कॅलेबद्दल सांगताना मी सोडतीपासून सुरुवात करतो. लोक या हंगामाला चमत्कार म्हणतात. मला वाटतं निम्मं श्रेय नियमांचं आहे.

फ्रान्सच्या चषकात दरवर्षी हजारो क्लब उतरतात. गावातला, नोकरी सांभाळून रविवारी खेळणारा संघसुद्धा नाव देऊ शकतो. आधी प्रादेशिक फेऱ्या होतात आणि पहिल्या विभागातले क्लब जानेवारीच्या सुमारास, ६४ संघ उरले की येतात. तिथून पुढे कुणाची गाठ कुणाशी पडेल ते चिठ्ठीवर. शिवाय सामना त्याच दिवशी निकाली निघतो: बरोबरी झाली तर त्या हंगामात आधी जादा वेळ, तरीही नाही तर पेनल्टी. लीगमध्ये ३४ सामन्यांत मोठ्या संघाचा पैसा बोलतो. इथे एका संध्याकाळपुरतं टिकून राहिलं तरी पुढची फेरी मिळते. आपल्याकडची ड्युरंड चषक ही १८८८ पासूनची, आशियातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा, पण तिथे भुसावळच्या एखाद्या मंडळाला नुसता फॉर्म भरून उतरता येत नाही. तळातलं दार उघडं असणं हा सगळ्यात मोठा फरक.

कॅले हे इंग्लिश खाडीवरचं बंदराचं गाव. संघ चौथ्या विभागातला, हौशी. कुणी गोदी कामगार, कुणी शिक्षक, कुणी कारकून. प्रशिक्षक लादिस्लास लोझानो. आधी त्यांनी लीलला पेनल्टीवर काढलं. लील तेव्हा दुसऱ्या विभागात होता, पण त्याला किरकोळ समजू नका: त्याच हंगामात तो दुसऱ्या विभागाचा विजेता झाला आणि पुढच्या वर्षी पहिल्या विभागात थेट तिसरा आला. मग कान (Cannes) हा क्लब, तोही पेनल्टीवर. उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या विभागातला स्ट्रासबुर्ग, २-१.

आणि मग उपांत्य फेरीत बोर्दो. म्हणजे आदल्या हंगामाचा लीग विजेता! चोपड्याच्या तालुका संघासमोर रणजी जिंकलेला मुंबईचा संघ उभा राहावा, तसं समजा. सामना लांसच्या मैदानावर ठेवला होता, कारण कॅलेच्या मैदानात एवढं पब्लिक मावणारच नव्हतं. लांस त्याच भागातलं, त्यामुळे स्टेडियम जवळपास सगळं कॅलेच्या बाजूचं. नव्वद मिनिटं गोलच नाही. जादा वेळेत कॅलेने आघाडी घेतली, लास्लांदने बोर्दोची बरोबरी साधून दिली. इथे हौशी संघ ढेपाळायला हवा, दम संपायला हवा. उलट शेवटच्या काही मिनिटांत कॅलेने आणखी दोन गोल केले. ३-१. पेनल्टीवर जिंकणं याला नशीब म्हणता येईल. जादा वेळेत लीग विजेत्याला तीन गोल मारणं याला नशीब म्हणायला माझी जीभ वळत नाही. तीन फेऱ्या मोठ्या संघांशी झुंजून तो संघ तोवर पक्का तयार झाला होता.

फायनल ७ मे २००० ला, पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्समध्ये. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक हजर. समोर नाँत, आधीच्या वर्षीचा चषक विजेता. ३४ व्या मिनिटाला जेरोम द्युतित्रने गोल केला आणि अर्ध्या वेळेला कॅले पुढे होता! विश्रांतीनंतर लगेच नाँतच्या सिबिएर्स्कीने बरोबरी केली. सामना जादा वेळेकडे चाललाय असं वाटत असताना नव्वदाव्या मिनिटाला नाँतचा कॅव्हेग्लिया पेनल्टी क्षेत्रात पडला, पंचांनी शिट्टी मारली आणि सिबिएर्स्कीनेच पेनल्टी मारून २-१ केलं. त्या पेनल्टीवर तिकडे अजून वाद घालतात. मी यूट्यूबवर मागेपुढे करून पाहिली, मला तरी ती पेनल्टी वाटली नाही. पण नाँतला खलनायक करू नका. त्या वर्षी तो संघ लीगमध्ये खालच्या विभागात घसरण्याच्या भीतीत खेळत होता, त्यालाही हरणं परवडणारं नव्हतं. (आणि पुढच्याच वर्षी तो लीग जिंकला. फुटबॉलचा काही भरवसा नाही.)

चषक घेताना नाँतचा कप्तान, गोलरक्षक मिकाएल लांद्रो याने कॅलेच्या कप्तानाला, रेजिनाल्ड बेकला, सोबत बोलावलं आणि दोघांनी मिळून करंडक उचलला. लांद्रो तेव्हा एकवीस वर्षांचाही नव्हता. आपल्याकडे बक्षीस समारंभात करंडकाला पहिला हात कुणाचा लागतो हे तुम्हाला माहीतच आहे: पांढऱ्या कपड्यातल्या कुणाचा तरी.

पुढे काय झालं, तर फार चांगलं नाही. २००८ मध्ये गावात नवं स्टेडियम झालं, त्याला त्या घोडदौडीवरूनच नाव दिलं. पण क्लबचा पैशाचा हिशेब कधी बसलाच नाही आणि २०१७ मध्ये तो बंद पडला. एका हंगामाच्या कौतुकावर क्लब वीस वर्षं चालत नाही, हेही तुमच्या मंडळातल्या पोरांना सांगा, नुसती फायनलची गोष्ट नको.

याच चषकात २०१२ ला केव्हिली आणि २०१८ ला लेझेर्बिए हेही फायनलला गेले, पण दोघं तिसऱ्या विभागातले आणि दोघांनाही फायनलमध्ये गोल करता आला नाही. म्हणून माझी पसंती कॅलेलाच. वेळ कमी असेल तर फायनल राहू द्या, बोर्दोविरुद्धची शेवटची तीस मिनिटं शोधून पाहा.