सार्वजनिक ठिकाणी घसरून पडल्यास जबाबदारी कोणाची?

ओल्या फरशीवरून घसरून इजा झाली, तर दोष आपल्या बेसावधपणाचा की जागा सांभाळणाऱ्याचा, असा तुमचा प्रश्न आहे. पण पडणारा माणूस बहुधा ओशाळून स्वतःलाच दोष देतो आणि गप्प बसतो, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्या हयगयीमुळे ज्याला इजा होण्याचा अंदाज येऊ शकतो, त्याच्याबाबत वाजवी काळजी घेणे हे कर्तव्यच आहे, हे तत्त्व ब्रिटनमधील १९३२ च्या ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ खटल्याने प्रस्थापित केले आणि पुढे अनेक देशांच्या न्यायालयांनी ते स्वीकारले. जागा सांभाळणाऱ्याच्या जबाबदारीविषयीचा इंग्लंडचा १९५७ चा कायदा तर असे सांगतो, की केवळ धोक्याची पाटी लावली म्हणून जबाबदारी संपत नाही. त्या पाटीमुळे येणारा माणूस खरोखर सुरक्षित राहू शकला पाहिजे, आणि मुले मोठ्यांइतकी सावध नसतात, हेही गृहीत धरले पाहिजे.

तुमचीही काही चूक असेल, तर अनेक देशांत दावा पूर्णपणे बुडत नाही, भरपाई त्या प्रमाणात कमी होते. फरशी मात्र लगेच वाळते आणि कॅमेऱ्याचे चित्रीकरण काही काळाने पुसले जाते, म्हणून शक्य तितक्या लवकर जागेची छायाचित्रे घ्या, चित्रीकरण जपून ठेवण्याची लेखी मागणी करा, डॉक्टरांकडे इजेची नोंद करून घ्या आणि दाव्याची मुदत वकिलांना विचारा.