पाहुणे गेल्यावरची खोली

वाई, मे महिन्याचा शेवट

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्यासोबतची एक्सेल शीट, दोन्ही मिळालं. शीट आधी उघडली. पाचगणीजवळचं, भिलारचं आजोबांचं घर, तीन खोल्या; पाहुण्यांना द्यायचं ते स्वतः चालवायचं की एखाद्या कंपनीला चालवायला द्यायचं, हा तुझा प्रश्न. एका रकान्यात ‘स्वतः’, दुसऱ्यात ‘कंपनी’, आणि खाली पिवळ्या रंगात मोठं प्रश्नचिन्ह. पत्र मग वाचलं. हिंजवडीत रात्री अकराला कॉल संपतो आणि त्याच वेळी ‘गरम पाणी येत नाही’ म्हणून पाहुण्यांचा फोन येतो, हे वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी पाचगणीचं घर पाहुण्यांना देत होते, तेव्हा मला हेच फोन लँडलाइनवर येत.

आधी तुझा हिशेब. घर ६,००० रुपये रात्र, वर्षाला ११० रात्री, म्हणजे ६ लाख ६० हजार. कंपनी २५ टक्के मागते, म्हणजे १ लाख ६५ हजार. ‘स्वतः’च्या रकान्यात केअरटेकरचे महिना १२,००० धरलेस, वर्षाचे १ लाख ४४ हजार. आणि मग लिहिलंस, ‘फरक फक्त एकवीस हजारांचा, मग डोक्याला ताप कशाला?’ अगं, कंपनीच्या रकान्यातून केअरटेकर काढून टाकायला तुला सांगितलं कुणी? त्यांना विचार, माणूस कुणाचा? लाँड्री कुणाची? टँकर कुणाचा? २५ टक्के कशावर, पाहुण्याने भरलेल्या पैशावर की बुकिंगच्या संकेतस्थळाने आपलं कमिशन कापल्यावर उरलेल्यावर? आणि सगळ्यात आधी हे विचार, की संकेतस्थळावर घराचं पान कुणाच्या खात्यात असणार? त्यांच्या खात्यात असलं तर उद्या तू करार मोडलास की पाहुण्यांनी तीन वर्षं लिहिलेले अभिप्राय त्यांच्याकडे राहतात. तू पुन्हा शून्यावर.

कर आणि कागदांची भीती बाळगू नकोस. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तुझी उलाढाल २० लाखांच्या आत आहे, आणि नोंदणी नसलेल्यांच्या बुकिंगचा कर संकेतस्थळच भरतं. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवायची, हे मात्र विसरायचं नाही. आणि मागे अजून दोन खोल्या चढवायचा जो विचार लिहिला आहेस, तो आत्ता मनातून काढ. महाबळेश्वर-पाचगणीचा पट्टा २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे. तिथे विचारल्याशिवाय वीट ठेवायची नाही, मग शेजाऱ्याने ठेवलेली दिसो नाहीतर न दिसो.

आता खरं बोलते. स्वतः चालव की कंपनीला दे, याचं उत्तर मला विचारू नकोस. माझं एकच सांगणं आहे. पाहुणे गेल्यावरची खोली आधी तू बघायची. झाडू लागायच्या आधी, चादरी निघायच्या आधी. बाकी काय वाटेल ते दुसऱ्याला दे.

तुला वाटेल, म्हातारीचा हट्ट. आहेच. पण ऐक. पाहुणे जाताना हात जोडून ‘खूप छान झालं हो’ म्हणतात आणि पाच तारे देतात. खोली तसं खोटं बोलत नाही. पलंग भिंतीपासून हात-दीड हात ओढलेला दिसला की समजायचं, भिंत ओली आहे. शेजारच्या खोलीतलं ब्लँकेट इथे सापडलं, तर तुझी पांघरुणं पाचगणीच्या थंडीला पुरत नाहीत. फरशीवर मेणाचे थेंब पडलेत, म्हणजे रात्री लाइट गेली होती, इन्व्हर्टर बसला होता आणि तुला कुणी बोललं नाही. चहाचा कप बाथरूममध्ये, म्हणजे तिथला मग फुटलाय. हे फोटोत येत नाही. व्हॉट्सअॅपवर ‘रूम क्लीन डन मॅडम’ असा मेसेज येतो, त्यात तर नाहीच नाही.

माझं पाचगणीचं घर मी एकदा अकरा महिन्यांच्या करारावर अशाच एका कंपनीला दिलं होतं. शहरातली मंडळी होती. नाव घेत नाही, कारण खरं सांगायचं तर त्यांनी फसवलं नाही. फोटो असे काढले की मलाच माझं घर ओळखू येईना. बुकिंग वाढलं, पैसे दर महिन्याच्या दहा तारखेला जमा. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन साताऱ्यात झालं होतं, मी थकले होते. वाईपासून पाचगणी बारा किलोमीटर, पसरणी घाट चढला की आलंच; तरी त्या अकरा महिन्यांत मी एकदाही वर गेले नाही. एकदाही! अजून स्वतःला विचारते, का नाही गेलीस?

आमच्याकडे घर सांभाळायला एक जोडपं होतं, काका आणि मावशी. मी त्यांना महिन्याचा पगार देत होते, पाहुणे असोत नसोत. कंपनीने त्यांना चेक-आउटमागे पैसे लावले. जुलैत पाहुणे किती येणार? आणि काकांचं खरं काम तर जुलैच्या आधीच असायचं. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचगणीत त्याहून बराच कमी, पण आमची पश्चिमेची भिंत जांभ्याची, तिच्यावर वाऱ्याचा मारा. काका मे संपता संपता तिला गवताच्या ताट्या बांधायचे. कंपनीने ‘फोटो खराब दिसतात’ म्हणून ताट्या नको म्हटलं आणि निळा प्लास्टिकचा कागद लावला. तो पहिल्याच वादळात उडाला.

दिवाळीला करार संपला तेव्हा वर गेले. खोल्या लख्ख, रूम फ्रेशनरचा वास. माझ्या आईचं सागवानी कपाट जागेवर होतं. दार उघडलं, आत हात घातला, तर मागची फळी पिठासारखी हातात आली. मागे भिंतीला कंबरेइतक्या उंचीपर्यंत बुरशी. चार महिन्यांत जो जो पाहुणा त्या खोलीत झोपला, त्याने पलंग पुढे ओढला असणार, आणि दर वेळी कुणीतरी तो मुकाट्याने मागे ढकलून फोटो काढला असणार. मी एकदा बघितलं असतं तर कळलं असतं.

कपाट गेलं, त्याचं काही नाही. काका-मावशी परत आले नाहीत. खाली एका बंगल्यावर लागले. मी दोनदा बोलवायला गेले. मावशींनी चहा दिला, चांगलं बोलल्या, आणि ‘बघू’ म्हणाल्या. आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ तुला वेगळा सांगायला नको.

तेव्हापासून हा हट्ट. त्यापायी मी काय काय घालवलं, तेही ऐक, म्हणजे मी फार शहाणी होते असं वाटायला नको. सख्ख्या भाच्याच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा मी पाचगणीत होते. रविवार होता, अकराला पाहुणे निघाले, तीनला दुसरे यायचे होते, आणि मी म्हटलं, खोली बघते आणि निघते. बघितलं तर वरच्या बाथरूमचा नळ सुरू, टाकी निम्मी रिकामी. बोअर मेमध्ये आधीच रडत असते. टँकर सांगितला, तो येईपर्यंत थांबले, मग घाटात गाड्यांची रांग. कार्यालयात पोचले तेव्हा पंगती उठत होत्या. बहीण अजून बोलून दाखवते. पण तूच सांग, तिथे कुणी नसतं तर तीन वाजता आलेल्या त्या आठ जणांना, दोन लहान मुलांसकट, कोरड्या नळाखाली उभं करायचं होतं का? मी चुकले असं मला वाटत नाही. एवढंच की लग्न शनिवारी असतं तर बरं झालं असतं.

तू म्हणशील, मावशी, तुम्ही वाईत होतात, मी पुण्यात. बरोबर. म्हणून तुला सगळं स्वतः कर असं सांगत नाही. रात्री अकराचा फोन, रोजचे दर वरखाली करणं, फोटो, कॅलेंडर, हे खुशाल कुणाला तरी दे आणि त्याचे पैसे दे. तुझ्या नोकरीतली झोप त्याहून महाग आहे. पण केअरटेकर तुझा, पगार महिन्याचा, जुलैतही. घराचं पान तुझ्या खात्यात. आणि महिन्यातून दोनदा तरी, लाँग वीकेंड संपला की सोमवारी सुट्टी टाकून, अकरा वाजता तू दारात. केअरटेकरला आधीच बजावून ठेव, ‘ताई आल्याशिवाय चादर उचलायची नाही.’

आणि हे जमणार नसेल, तर मनापासून सांगते, पाहुण्यांचा नादच सोड. पाचगणीत एवढ्या निवासी शाळा आहेत, शिक्षकांना घरं लागतात. वर्षभराच्या भाड्याने दे. पैसे कमी येतील, पण घरात रोज चूल पेटेल, खिडक्या उघडतील, भिंती वाळतील. तुझ्या आजोबांनाही गावात शिक्षक राहिलेला आवडला असता. २०१७ मध्ये भिलार पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा ते किती मिरवत होते, आठवतं ना? त्यात कमीपणा नाही. कमीपणा न बघता पैसे घेण्यात आहे, आणि ते मी करून बसले आहे.

कंपनीला अजून सही देऊ नकोस. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. येत्या रविवारी ये. घाट सकाळी आठच्या आत चढ, नंतर गाड्या सुरू होतात. मी वाईतून पहिल्या एसटीने येते. गवत सांगून ठेवलं आहे, ताट्या बांधणारा एक पोरगा आहे, त्याला कामाचा अंदाज आहे. तुझ्या घरातले या आठवड्याचे पाहुणे शनिवारी निघतील ना? मग केअरटेकरला आत्ताच फोन कर, खोल्या तशाच ठेव म्हणावं. आणि वरच्या कपाटाची किल्ली विसरू नकोस.

तुझी,
वाईची मावशी