स्वर्गात लग्न नसतं, मग बायको तिथे भेटली तरी माझी कोण असणार?

दादा, तुम्ही लिहिलंय की बायको जाऊन वर्ष झालं आणि बायबलमधल्या मत्तयच्या २२ व्या अध्यायात येशूच म्हणतो की तिथे लग्न नाही, मग ती मला ओळखेल तरी का. मी पाळक नाही, सोलापुरात राहते, पण हा प्रश्न आमच्या घरातच होता म्हणून लिहितेय.

माझ्या वडिलांची दोन लग्नं. पहिली बायको बाळंतपणात गेली, मागे माझी ताई, मग माझी आई आली. मोठ्या आईचा फोटो बाहेरच्या खोलीत असायचा आणि नाताळच्या साफसफाईत आई स्वतः तो उतरवून पुसायची. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, ते गेले तेव्हा त्यांना मोठ्या आईशेजारी पुरलं. महिनाभराने आई भाकरी थापता थापता म्हणाली, "वर ती दोघं असतील, मग मी कोण गं?" मला काही बोलता आलं नाही.

नंतर मी तो अध्याय नीट वाचला. विचारणारे सदूकी, म्हणजे यहुद्यांमधला एक पंथ, ते पुनरुत्थान, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील हे मानतच नव्हते. मोशेच्या नियमात भाऊ मूल न होता मेला तर दुसऱ्याने वहिनीशी लग्न करून त्याचा वंश चालवायचा, तर असे सात भाऊ एकामागून एक मेले, आता ती बाई कोणाची? त्यांचा सगळा प्रश्न या "कोणाची" वरच आहे, सात घरं बघितलेल्या त्या बाईला काय वाटलं असेल ते कोणी विचारत नाही. लूकच्या २० व्या अध्यायात येशू कारण पण देतो आणि ते सांगताना बरेच जण गाळतात: ते पुढे मरू शकत नाहीत, ती देवाची मुलं आहेत. म्हणजे माणूस मरतो म्हणून वंश चालवायला जे लग्न लागायचं त्याची गरज संपली, प्रेम संपलं असं तो कुठेच म्हणत नाही. उलट येशूचा प्रेषित पौल म्हणतो भाकितं संपतील, भाषा संपतील, प्रीती राहील.

शेजारच्या काकू वटपौर्णिमेला सात जन्म हाच नवरा मागतात, आपल्याकडे जन्म एकच आणि लग्नाची शपथ पण मरेपर्यंतचीच. मॉर्मन लोक लग्न अनंतकाळचं मानतात, पण कॅथलिक काय आणि आम्ही प्रोटेस्टंट काय, तसं मानत नाही.

ओळखण्याचं म्हणाल तर मेलेल्यांतून उठलेला येशू कबरेपाशी त्याच्या शिष्येला, मरीया मग्दालीयाला, आधी माळी वाटला, त्याने तिचं नाव घेतलं आणि तिने ओळखलं. अम्माऊस गावाकडे चाललेल्या दोघा शिष्यांना तो भाकर मोडताना कळला. थोमा या शिष्याला तर त्याने जखमा दाखवल्या, म्हणजे उठलेल्या शरीरावर इथल्या खुणा होत्या. मग तुमची बायको तुम्हाला जशी हाक मारायची ती हाक पुसली जाईल असं मला अजिबात वाटत नाही. आणि रडू येत असेल तर रडा, आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशू पण रडला.

मला सगळ्यात आधार मिळाला तो याकोबाचा. सदूक्यांना उत्तर देताना येशू अब्राहाम, इसहाक, याकोब या कधीच मेलेल्या पूर्वजांचं नाव घेऊन म्हणतो की देव जिवंतांचा आहे. आता याकोबाला बायका दोन. राहेल जीव की प्राण, ती बाळंतपणात वाटेतच गेली आणि तिथेच पुरली. लेआ मात्र नकोशी. पण मरताना याकोब मुलांना सांगतो, मला मकपेलाच्या गुहेत माझ्या वाडवडिलांजवळ पुरा, तिथे मी लेआला पुरलंय.

हे मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मोठी भेटली तर तिला पोरीचं सगळं सांगेन." त्यानंतर शेवटची दोन वर्षं ती हेच जमवत होती, ताईला गोवर कधी आला, दहावीला किती मार्क पडले, दोन्ही बाळंतपणं कशी झाली, मध्येच मला विचारायची, हे सांगू ना गं तिला?

आई दुसऱ्या रांगेत आहे, जरा लांब. ईस्टरच्या पहाटे आम्ही दोघी बहिणी मेणबत्त्या घेऊन जातो, तिघांनाही लावतो, आणि ताई आधी माझ्या आईकडे जाते.