मामांच्या अर्जाबद्दल: ‘प्रकृती स्थिर’ या शेऱ्यापासून सांभाळा

तुमची पोस्ट वाचून आमचेच दिवस आठवले. मामा बॉम्बस्फोटाच्या खटल्यात जन्मठेपेवर, जठराचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात, आणि घरातलेच विचारतायत की अशा माणसासाठी दयेचा अर्ज कशाला. आमच्याकडे थोरल्या दिरांच्या बाबतीत हेच झालं. मी वकील नाही आणि नियम बदलत असतात, तेव्हा वकिलाला विचारूनच काय ते करा. दहशतवादाच्या गुन्ह्याला संचित रजा (कैद्याला मिळणारी ठरावीक दिवसांची सुट्टी) नाही वगैरे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

घोडं पेंड खातं ते वैद्यकीय दाखल्यापाशी. रुग्णालयाचं नाव घेत नाही. कैदी वॉर्डात दिरांना पलंगाच्या दांड्याला बेडी घातलेली, मनगट इतकं वाळलेलं की बेडी कोपराकडे सरकायची. आणि दाखल्यात काय, तर ‘रुग्ण उपचाराधीन, प्रकृती स्थिर’. डॉक्टरांच्या लेखी त्या सकाळी बीपी आणि नाडी ठीक होती, एवढंच. वरच्या कार्यालयातल्या साहेबांनी वाचलं, स्थिर आहे ना, मग राहू दे तुरुंगात. फाइल परत. नंतर म्हणे, किती दिवस जगतील ते लेखी आणा. डॉक्टर म्हणाले, मी ज्योतिषी नाही. कार्यालय म्हणालं, त्याशिवाय फाइल हलत नाही. या दोघांच्या मध्ये अख्खा उन्हाळा गेला आणि दीर त्याच वॉर्डात वारले. तोवर अर्जावर ना हो, ना नाही.

डॉक्टर आकडा का लिहीत नाहीत, तेही समजतं. स्कॉटलंडमधल्या लॉकरबीच्या विमानस्फोटात १९८८ साली २७० माणसं मेली. त्यात दोषी ठरलेल्या लिबियाच्या मेग्राहीला प्रोस्टेटचा कॅन्सर होता. साधारण तीन महिने हातात आहेत या अंदाजावर स्कॉटलंडच्या न्यायमंत्र्यांनी त्याला ऑगस्ट २००९ मध्ये सोडलं. तो गेला मे २०१२ मध्ये. वर त्रिपोलीच्या विमानतळावर झेंडे नाचवून स्वागत! मेलेल्यांच्या नातेवाइकांना काय वाटलं असेल? तरी मला ती सुटका चूक वाटत नाही. चूक होती ती सगळा निर्णय महिन्यांच्या अंदाजावर टांगण्याची, आणि त्या मिरवणुकीची.

म्हणून दाखल्यात आकडा मागूच नका. आजार कुठवर पसरलाय, आता बरा होणार नाही, स्वतः उठून संडासला जाता येतं का, दुखणं थांबवायला काय लागतं आणि रात्री दोन वाजता ते तुरुंगात देणार कोण, हे लिहून मागा. पोलीस गार्ड मिळाला नाही म्हणून हुकलेल्या केमोच्या तारखा केसपेपरवर नोंदवून घ्या. तोंडी सांगितलेलं कोर्टात शून्य.

तपास सीबीआय किंवा एनआयएचा असेल तर शिक्षामाफीला केंद्राची संमती लागते. ती फेरी अशा रुग्णाला झेपायची नाही. अपील चालू असेल तर हायकोर्टात शिक्षा स्थगितीचा (अपिलाचा निकाल लागेपर्यंत जामिनावर बाहेर राहण्याचा) अर्ज आधी टाका, असं माझं मत. तिथेही मिळेलच असं नाही. माओवाद्यांशी संबंध ठेवल्याच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या, नव्वद टक्के अपंग असलेल्या प्रा. जी. एन. साईबाबांचा आजारपणावरचा अर्ज नागपूर खंडपीठाने २०२० मध्ये फेटाळला. मार्च २०२४ मध्ये ते निर्दोष सुटले आणि ऑक्टोबरात गेले.

आता अशा माणसाची दयेची ‘लायकी’ आहे का, या घरच्यांच्या प्रश्नाबद्दल. माझे दीर निर्दोष होते असं मी म्हणत नाही. कित्येक वर्षं मी त्यांच्याशी बोलत नव्हते. स्फोटात ज्यांचं माणूस गेलं त्यांनी माफ करावं असंही मला वाटत नाही, आणि सुटकेआधी त्यांचं म्हणणं ऐकायलाच हवं. पण निकालपत्र मी वाचलंय. जन्मठेप आहे त्यात, कण्हत ठेवण्याची शिक्षा कुठे दिसली नाही. जो उठून बसू शकत नाही त्याला घरी मरू द्यावं. पोलीस दाराशी बसवा हवं तर. यावर वाद घालायचा असेल त्यांनी घालावा, मी उत्तर देत बसणार नाही.

आणखी एक. सुटकेचा हुकूम झालाच तर गावाकडच्या मंडळींना आत्ताच दम भरून ठेवा: हार नाही, स्टेटस नाही, गेटवर गर्दी नाही. एक फोटो फिरला की पुढच्या कैद्याची फाइल बुडाली. जामीनदारही आधीच बघा, सातबारा नावावर असलेला. स्फोटाचा खटला म्हटल्यावर सख्खे साडूसुद्धा फोन उचलत नाहीत.